पंचवीस तारखेपर्यंतचे दिवंगत

एकतीस डिसेंबरच्या पानावर रुपराव हेडाऊंचा फोटो आला. पण सध्या बावीस तारीख आहे, तेव्हा तो आलेला नाही असंच धरून चालू.

साल त्र्याहत्तर. सीताबर्डीवरच्या एका दैनिकात ‘सरत्या वर्षातले दिवंगत’ हे पान गणपतराव धापोडकर अठरा वर्षं लावत होते. दोन ओळी, दहा चौकटी. यंदा मान्यवर नऊच गेले होते. दहाव्या चौकटीकडे बघत गणपतराव डाव्या खांद्याला बाम चोळत बसले होते.

समोर रुपरावांची बायको सत्यवतीबाई येऊन बसली.

"आमचे हे खडी गंमतीच्या फडात बाई होऊन नाचत. सावनेरपासून काटोलपर्यंत कोणालेही विचारा."

"कधी वारले?"

"वारले नाही अजून. दवाखान्यात हायेत. डॉक्टर म्हणते, चार-सहा दिवस."

"मग पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी कसं भाऊ? चालले तर याच वर्षी ना."

गणपतरावांनी नियम सांगितला. छपाईसाठी फोटोंचे ब्लॉक करणारा नाताळानंतर गावी जातो, म्हणून पान पंचवीसच्या संध्याकाळी बंद. पुढचं पान एक जानेवारीपासून धरतात.

"अन् सव्वीस ते एकतीस जे गेले ते?"

"ते कुठेच नाहीत."

"काहून?"

"पद्धत आहे. अठरा वर्षांत त्यांच्यापैकी एकाचीही तक्रार आली नाही."

बाईंनी पिशवीतून फोटो काढला. नऊवारी, नथ, अंबाडा, कमरेवर हात.

"हा तुमचा?"

"त्यायचा. माझा एवढा चांगला कधी आला नाही."

"साध्या कपड्यातला नाही?"

"त्यात कोण ओळखीन त्यायले?" बाईंनी फोटो पदरानं पुसला. "चाळीस वर्षं लोकायनं शिट्ट्या मारल्या, नाव कोणी विचारलं नाही. हे म्हणते, त्या पानात नाव आलं का मी सुखानं जातो."

गणपतरावांनी फोटो ठेवून घेतला.

पंचवीसच्या संध्याकाळी बाई पुन्हा हजर.

"कसे आहेत?"

"धाप लागून राहिली."

"म्हणजे आहेत."

"आहेत ना भाऊ. आता मी काय तोंडावर उशी ठेवू?"

ब्लॉकवाला चपला घालून दारात उभा होता. चौकट रिकामी गेली असती तर लोक म्हणाले असते, या शहरात वर्षाला दहा माणसंही धड मरत नाहीत. गणपतरावांनी फोटोखाली लिहिलं: ‘रुपराव हेडाऊ, खडी गंमतीचे कलावंत. निधन २५ डिसेंबर.’

"जा वहिनी. फक्त आता त्यांना मागे फिरू देऊ नका."

एकतीसला पान छापून आलं. दहाच्या दहा चौकटी भरलेल्या. सत्यवतीबाईंनी ते खाटेपाशी तीनदा वाचून दाखवलं.

तीन जानेवारीला कचेरीत एक अर्ज आला.

‘मा. संपादक यांस, अर्ज करतो की, पान ऐकून माझी तब्येत सुधारली असून डॉक्टरांनी मला घरी सोडले आहे. त्यामुळे सदर चौकट मला तूर्त लागत नाही. सबब, ती माझ्या नावावरून काढून अठ्ठावीस डिसेंबरला वारलेले कै. गणपतराव धापोडकर यांना देण्यात यावी, ही नम्र विनंती.’