आजीची मशीन

कापसाची बोंडं. तेलाची कुपी. शंभर वर्षांपूर्वीचा एक नंबर. आईचा रिकामा उजवा हात.

शिलाईवर घर चालायला लागलं तशी आई कापूस वेचणीला जाईना, म्हणून शेतमालक असलेल्या भुजंगरावांच्या वडिलांनी पेडगावच्या आमच्या घरातून तिची हातमशीनच उचलून नेली. आता ती भुजंगरावांच्या जुन्या मशिनींच्या संग्रहात पहिल्या रांगेत असते. मी तिथं तेलपाणी करायला जाते.

“आमच्या आजीची हाय,” ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

काल हैदराबादहून एक जाणकार आला. नंबर पडताळून म्हणाला, “शंभर वर्षांची, अस्सल विलायती.” मग मशीनवर बोट फिरवता फिरवता थांबला. “पण सोनेरी वेलबुट्टी खरवडून हा नवा रंग कुणी मारला? किंमत जुन्या रंगाला असते, साहेब. आता ही भंगार.”

जमलेले पाव्हणे हसले. भुजंगराव माझ्यावरच खेकसले, “धम्मशीला, उचल ही! घरी ने न्हाईतर विहिरीत टाक, पण नजरेसमोर नको.”

आज आईनं मूठ फिरवली. टाका सरळ पडला.

 

 

“दादा, मशीन लय जुनाट दिसायलीय, झकास नवा रंग मारा,” असं दिवाळीआधी भुजंगरावांना मीच सुचवलं होतं.