वाळूच्या शेडमधलं ऊन

गोल्फ क्लबचे नवे सेक्रेटरी रणसिंग छत्री झटकत वाळूच्या शेडमध्ये शिरले आणि तिथे कामाला असलेली दमयंती दचकून उभी राहिली. वाळूच्या ढिगावर जुनं लुगडं अंथरून तिने चांगल्या परातभर कुरडया घातल्या होत्या. आणि हे साहेब तर गवताच्या पात्यालासुद्धा शिस्त लावणारे!

"हे काय आहे?"

"वाळवण, साहेब. गावात दुसरीकडे कुठे वाळणार?"

खोटं नव्हतं ते. पाऊस बारमाही झाल्यापासून गावातल्या पोरांनी ऊन म्हणून पाहिलं नव्हतं. गोल्फच्या हिरवळीत पाणी मुरावं म्हणून सतत वाळू पसरावी लागे. ओल्या वाळूचे गोळे गवतावरच बसून राहतात, म्हणून एवढ्या एका शेडची जमीन यंत्राने कायम गरम ठेवलेली असे.

रणसिंगांनी लुगड्याखालची मूठभर वाळू उचलली. आता नोकरी गेलीच, असं दमयंतीला वाटलं. पण वाळू त्यांच्या बोटांतून भुरभुर सांडली.

"कोरडी आहे," ते म्हणाले आणि जरा घुटमळले. "उद्या माझ्या आईला आणलं तर चालेल?"

दुसऱ्या दिवशी म्हातारी आली. तिने दारातच चपला काढल्या, उबदार वाळूवर पाय ठेवला आणि डोळे किलकिले करून पदर डोक्यावर ओढून घेतला.

"काय बाई हे ऊन!" ती खुशीत म्हणाली.

पत्र्यावर पाऊस ताशा बडवत होता. दमयंतीने हसून स्वतःचाही पदर डोक्यावर घेतला आणि तिच्याशेजारी कुरडया उलटायला बसली.