शून्य रोध

"भांडून समुद्रावर गेलेत ना, म्हणून उत्तर देत नाहीत," रेडिओवर नवऱ्याला हाका मारून थकलेली चांगुणा म्हणाली.

शेजारी केतकी स्क्रीनवर अँटेनाचं गणित पुन्हा तपासत होती. सौर वादळात उपग्रह जळाल्यापासून सगळ्या बोटींवर तिनेच संगणकावर आखलेला आखूड अँटेना होता. उंचीची कसर तारेचं वेटोळं भरून काढायचं. त्या तारेचा विजेला होणारा रोध तिने तेव्हा गणितात घाईने शून्यच धरला होता. आत्ता खरा आकडा घातल्यावर दिसलं, की किनाऱ्यावरच्या जोरदार यंत्राचं बोलणं बोटीला ऐकू येतं, पण बोटीवरच्या छोट्या रेडिओची ताकद वेटोळं तापवण्यातच संपून जाते.

चूक सांगायला केतकीची जीभ रेटेना. "त्यांना तुमचं सगळं ऐकू येतंय," ती एवढंच म्हणाली.

"ऐकू येतंय, तरी गप्प?" चांगुणाने रेडिओ बंद केला.