मुक्या मावशीची परीक्षा

या, असे जवळ सरकून बसा. एका मावशीची गोष्ट सांगायची आहे. लहानशीच आहे, पण शेवटपर्यंत ऐका.

घंटा वाजली तेव्हा मावशीने पट्टीचं शेवटचं टोक नुकतंच चिकटवलं होतं. रबरी पुतळ्याच्या पोटरीवरची जखम खोटी होती. तिने मात्र ती खरी असल्यासारखी पुसली होती. आतून बाहेर, दर वेळी नवा बोळा घेऊन. टेबलापलीकडच्या परीक्षकाने कागद तिच्याकडे फिरवला. चौदा चौकटींपैकी अकरा कोऱ्या होत्या.

हात धुतले हे बोललात का, असं त्याने विचारलं. पट्टीची तारीख पाहिली हे बोललात का. तो रागावला नव्हता, नुसता थकला होता. करताना बोलून दाखवायचं असं दारावरच लिहिलंय, जे बोललं नाही ते केलं नाही असं धरतात, म्हणाला. आणि खाली लिहिलं, नापास.

मावशी बारा वर्षं त्या हॉस्पिटलात वॉर्डची मदतनीस होती. आता नवा नियम आला होता. प्रमाणपत्र असेल त्यानेच रोग्याला हात लावायचा, बाकीच्यांनी तळघरात जायचं, धुलाईखात्यात. तिथे चादरी येतात, माणसं येत नाहीत. मावशीला त्या तळघराच्या विचारानेच रात्रभर झोप नव्हती. परीक्षेला चार खोल्या होत्या, चार कामं. दोन खोल्या गेल्या तर संध्याकाळी एकदाच पुन्हा द्यायला मिळायच्या. तिसरी गेली की खेळ खलास.

वॉर्डात तिला मुकी मावशी म्हणत. ती कधी आली, कधी उशी सारखी करून गेली, रोग्याला पत्ता लागत नसे. गंमत अशी, की तिच्या गल्लीत तिचं नाव होतं रेडिओ. पहाटे सुरू होतो, शेजारीण म्हणायची, आणि वीज गेली तरी बंद होत नाही.

दुसरी खोली नाडी आणि रक्तदाबाची. तिथे आकडे कागदावर लिहून द्यायचे होते, त्यामुळे निभावलं. तिसरीत पुतळ्याचं अंग पुसायचं होतं. तिथे तिने तोंड उघडून पाहिलं. "आता मी पाणी..." एवढं म्हणाली, आणि समोरची नजर आपल्यावरच आहे हे पाहून बाकीचं अंग मुक्यानेच पुसून काढलं. ती खोलीही गेली.

जेवणाच्या सुट्टीत वॉर्डच्या सिस्टरने तिला गाठलं. "तोंडात मिठाची गुळणी धरलीयस का गं? हात सोन्याचे आहेत तुझे. पण त्या कागदाला नुसते कान आहेत, डोळे नाहीत."

मावशीने डबा न उघडताच पिशवीत परत ठेवला.

चौथ्या खोलीत मुख्य परीक्षक बसल्या होत्या. उंच, चष्मा लावणाऱ्या, कडक म्हणून प्रसिद्ध. पलंगावर पुतळा नव्हता, जिवंत माणूस होता. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्याचं सोंग घेतलेला एक विद्यार्थी, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. त्याला उठवून खुर्चीत बसवायचं आणि पाणी पाजायचं.

मावशी दारातूनच बोलायला लागली.

"दादा, मी मावशी. आत येतेय. आधी हात धुते, हा पाण्याचा आवाज आहे तो नळाचा. आता तुमच्या उजव्या अंगाला उभी आहे, खांद्याला हात लावतेय. पाय सोडा खाली, चप्पल तळव्यालाच लागेल. खुर्ची तीन पावलांवर. वाटेत स्टूल होतं, ते सरकवलंय. हां, पोटऱ्यांना खुर्ची लागली का? मग बसा. कप अर्धाच भरलाय, कान तुमच्या अंगठ्याकडे केलाय."

पाणी पिऊन विद्यार्थी म्हणाला, सकाळपासून नऊ जणांनी बसवलं, गुडघा न आपटता पोचलो तो आत्ताच.

बाईंच्या कागदावर एकही चौकट रिकामी नव्हती. त्यांनी आधीच्या खोल्यांचे कागद काढून शेजारी ठेवले आणि हे बोलणं कुठे शिकलात, असं विचारलं.

घरीच, मावशी म्हणाली. मालकांची नजर लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गेली. आपण बोललो नाही तर त्यांना घर दिसत नाही.

"मग बाकीच्या खोल्यांत गप्प का राहिलात?"

मावशी गोंधळली. "त्यांना दिसत होतं ना, बाई."

संध्याकाळी दोन खोल्या पुन्हा. फेरपरीक्षेला दोन परीक्षक लागतात. मावशी पुतळ्यासमोर उभी राहिली आणि पुन्हा मुक्यानेच नळाकडे वळली. बाईंनी सोबतच्या परीक्षकाला, हातांवर लक्ष ठेवून तुम्हीच लिहा, असं सांगितलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"मावशी, मला काही दिसत नाही. काय करताय?"

मावशीने नळ सोडला. "हात धुतेय, बाई," ती म्हणाली. आणि रेडिओ सुरू झाला. दोन्ही खोल्या संपेपर्यंत तो थांबला नाही, आणि एकही चौकट कोरी राहिली नाही.

देव कुणासाठी कुठे शाळा काढून ठेवतो, आपल्याला काय कळणार. पण देवापुढे हात जोडाल तेव्हा मावशीच्या मालकांची आठवण ठेवा. सकाळी ती निघाली तेव्हा ते दारापाशी बसून एवढंच म्हणाले होते, काय काय केलंस ते आल्यावर सगळं सांग. वीस वर्षं ते तिच्याकडे रोज तेवढंच मागत आले होते.