फडक्यातलं पाणी

गेटवर लिंबाजीनं काठी आडवी धरली. “मावशे, फडकं हितंच पिळून जायचं. आजपासून साहेबाचा हुकूम हाय.”

कौसाबाईनं डोक्यावरचं ओलं फडकं सावरलं. गावच्या गायरानाला कुंपण घालून कंपनीनं सोलरच्या काचा उभ्या केल्या, तेव्हा तिच्या बारा शेळ्यांची चराई गेली आणि त्याच काचा पुसायचं काम मिळालं. अकरा शेळ्या बाजारात गेल्या, पांढऱ्या कानाची एक उरली. काचांवर डाग पडू नयेत म्हणून इथं रोज गोड्या पाण्याचा टँकर यायचा. गावात तो आठवड्यातून एकदा. म्हणून सुटी झाली की कौसाबाई ते जाड, चिंब फडकं न पिळताच डोक्यावर घ्यायची आणि घरी घमेल्यात पिळायची. दोन तांबे तरी पाणी निघायचं. शेळी वाटच बघत असायची.

“आरं, धूळ धुतलेलं पाणी ते. मुक्या जनावराच्या तोंडचं काढून साहेबाला काय घावणार?”

“मला कळतंय मावशे. पण वर क्यामेरा हाय, माझी नोकरी जाईल.”

तिनं फडकं पिळलं. तापलेल्या मातीनं धार क्षणात पिऊन टाकली.

वैशाखाचं ऊन होतं. आठव्या दिवशी शेळी खुंट्यापाशीच आडवी झाली, ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सुटी होताच लिंबाजी काठी घेऊन उठला. पण त्याला बोलावंच लागलं नाही. कौसाबाई आपणहून गेटाशी थांबली होती आणि शेवटचा थेंब गळेपर्यंत फडकं पिळत होती.