ऑरेनची बहीण

टोलेडोच्या कॉमिक्सच्या दुकानात लोरेन हावलिकने शेवटचा अंक टेबलावर ठेवला, तो मेलेला उंदीर टाकावा तसा.

टेबलामागे लेखक गॉर्डन प्रूट सह्या द्यायला बसला होता. त्याने पेनाचं टोपण काढलं आणि नाव काय घालू, म्हणून विचारलं.

"सही नको," लोरेन म्हणाली. "ऑरेनच्या बहिणीचं काय झालं?"

"कुणाच्या?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. गोष्टीतला सेनापती ऑरेन आपल्या आंधळ्या बहिणीला शोधत गेली सहा वर्षं धुक्याच्या राज्यात वणवण करत होता. सकाळी शाळेची बस चालवायची आणि दुपारच्या फेरीपर्यंत रिकाम्या बसमध्ये बसून अंक वाचायचा, असा लोरेनचा नेम होता. पन्नाशी उलटलेली बाई खेळण्यांच्या कंपनीची कॉमिक्स वाचते म्हणून बाकीचे ड्रायव्हर हसायचे. आणि या अंकात काय, तर एका जादूगाराने हात हलवला, सगळ्यांचे दगड झाले, संपलं. बहिणीचं नावसुद्धा नाही. शेवटच्या पानावर कंपनीच्या नव्या खेळण्यातल्या ट्रकची जाहिरात.

प्रूट हसला. ऑरेन आणि इतर पात्रांच्या बाहुल्या खपेनात, म्हणून कंपनीने त्यांचे साचे मोडीत काढले होते आणि त्याला गोष्ट गुंडाळायला सांगितलं होतं. लहान मुलाला समजवावं तसं त्याने तिला हे समजावलं. "प्लास्टिकच्या बाहुल्या होत्या हो बाई त्या. त्या विकायला मी गोष्ट लिहायचो. एवढं मनाला काय लावून घेता?"

"मी एकही बाहुली कधी घेतली नाही," लोरेन म्हणाली.

प्रूटचं हसू ओसरलं. अंक स्वतःकडे ओढून त्याने दोन-चार पानं उलटली, जणू बहीण तिथे कुठेतरी सापडेल. मग आवाज उतरवून विचारलं, "तुमच्या मते काय व्हायला हवं होतं?"

लोरेनकडे उत्तर होतं. बहीण कुठे आहे, ऑरेनला ती कशी ओळखते, आधी कोण बोलतं, सगळं तिने रिकाम्या बसमध्ये कितीदा तरी मनाशी घोळवलं होतं. ते ओठांपर्यंत आलंही. तेवढ्यात तिला दिसलं, की प्रूटने हळूच एक कोरा कागद पुढे ओढला होता.

"ते काम तुमचं होतं," ती म्हणाली.

कोटाची बटणं लावून, अंक तिथेच टाकून ती दाराकडे निघाली. प्रूटचं पेन अजून उघडंच होतं.