काट्याची साक्ष

"वणवा पेटला तेव्हा मी वायरलेसवर सारखा ओरडत होतो, मॅडम," जीपचा ड्रायव्हर मडावी म्हणाला. चौकीत मात्र कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं.

रेंजर मोघेबाईंनी जीपमधल्या सेटला, अँटेनाकडून परत फिरणारी ताकद दाखवणारा मीटर लावून बोलायचं बटण दाबलं. काटा शून्यावर, म्हणजे काहीच परत येत नव्हतं, अँटेना अगदी चोख जुळलेली. हा नक्की थापा मारतोय.

पण इतकी चोख? त्यांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी टपावरची अँटेनाच काढून ठेवली आणि पुन्हा बटण दाबलं. आता बाहेर पडायला वाटच नसल्यानं सगळी ताकद परत फिरून काटा उसळायलाच हवा होता. तो शून्यावरच राहिला.

म्हणजे सगळी ताकद वाटेतच, सेटपासून टपापर्यंतची केबल गिळत होती; परत यायला काही उरतच नव्हतं.

"ही भिकार केबल कुणी आणली?" त्या कडाडल्या.

मडावीनं मान खाली घातली. "तुम्हीच पाठवलीत, मॅडम. स्वस्त पडते म्हणालात."